चार कप्प्यांचे हृदय

पाठाची ओळख

'काळजाचा ठोका चुकला', 'छाती दडपून गेली', 'हृदयाला पाझर फुटला' असे शब्दप्रयोग आपण रोजच्या बोलण्यात सहज करतो. भीती, माया, दुःख, धैर्य या साऱ्या भावनांचे स्थान आपल्या भाषेने छातीतल्या या एका अवयवात मानले आहे. गंमत अशी की, 'काळीज' या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असा आहे. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली की मिळते ते यकृतच. बोलता बोलता मात्र काळीज आणि हृदय हे दोन शब्द मराठीत एकरूप झाले.

भावनांची भाषा क्षणभर बाजूला ठेवून, हृदय हा अवयव प्रत्यक्षात कसा आहे हे आपण या पाठात पाहणार आहोत. त्याची रचना समजली की जन्मतः सदोष हृदय घेऊन आलेल्या बालकाला नेमका कोणता त्रास होतो, तो वेळीच कसा ओळखावा आणि त्यावर कोणते उपचार होतात, हेही समजते. छत्तीसगडमधील नवा रायपूर येथे अशा बालकांसाठी उभ्या राहिलेल्या एका रुग्णालयाची ओळखही या पाठात होईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• हृदयाची रचना व रक्ताचा मार्ग आपल्या शब्दांत सांगता येईल;
• रोहिणी, शिरा व केशवाहिन्या यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• बालकांतील जन्मजात हृदयदोषाची लक्षणे ओळखता येतील;
• हृदयाशी संबंधित वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करता येईल.

मूळ पाठ

मुठीएवढा अवयव

आपल्या हाताची मूठ घट्ट मिटून पाहा. साधारण तेवढाच आपल्या हृदयाचा आकार असतो. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन सुमारे २५० ते ३५० ग्रॅम भरते. ते दोन फुप्फुसांच्या मध्ये, छातीच्या मधल्या हाडामागे असते. 'हृदय डावीकडे असते' असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. हृदय छातीच्या जवळजवळ मध्यभागीच असते. मात्र त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग डावीकडे झुकलेला असतो आणि त्याचे निमुळते टोक डाव्या बाजूस खाली वळलेले असते. म्हणून धडधड आपल्याला डावीकडे अधिक जाणवते. हृदयाभोवती दुहेरी आवरण असते. त्याच्या दोन थरांमध्ये थोडासा द्रव असतो. त्या द्रवामुळे सतत हालणारे हृदय शेजारच्या भागांवर घासत नाही.

हृदय ज्या स्नायूचे बनले आहे, तो आपल्या इच्छेने चालत नाही. हात उचलायचा की नाही हे आपण ठरवू शकतो; परंतु हृदयाला थांब म्हणून थांबवता येत नाही. आपण झोपेत असतानाही ते काम करीत असते. प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते, म्हणजे दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा! प्रत्येक ठोक्याबरोबर सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर फेकले जाते. मिनिटाला हे प्रमाण पाच लिटर होते. आपल्या शरीरात एकूण रक्तही सुमारे पाच लिटरच असते. याचा अर्थ असा की, जवळजवळ सगळेच रक्त दर मिनिटाला हृदयातून एक फेरी मारून येते.

हृदयाला हा ताल कोण देतो? उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशेष पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तेथून विजेचा अत्यंत सौम्य स्पंद निघतो. तो प्रथम अलिंदांत पसरतो, क्षणभर रेंगाळतो आणि मग निलयांत उतरतो. त्या क्षणभराच्या विलंबामुळे आधी वरचे कप्पे रिकामे होतात आणि नंतर खालचे कप्पे आकुंचन पावतात. हृदयाचा आलेख काढतात तेव्हा कागदावर उमटतात त्या याच स्पंदाच्या खुणा होत.

चार कप्पे, चार झडपा

हृदय आतून पोकळ असते. त्याची तुलना चार खोल्यांच्या घराशी करता येईल. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या आणि उजव्या-डाव्या भागांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत एक भक्कम भिंत. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. मधल्या भिंतीला पडदा असे नाव आहे. या पडद्यामुळे उजवीकडील रक्त डावीकडे जात नाही आणि डावीकडील रक्त उजवीकडे येत नाही. पुढे आपण ज्या आजाराचा विचार करणार आहोत, त्याचे मूळ बहुधा या पडद्यातच असते. म्हणून त्याचे काम नीट लक्षात ठेवा.

वरच्या खोलीतून खालच्या खोलीत जाण्यासाठी प्रत्येक बाजूला एक दार आहे. खालच्या खोलीतून घराबाहेर पडण्यासाठीही प्रत्येक बाजूला एक दार आहे. ही चार दारे म्हणजेच हृदयाच्या चार झडपा. त्या एकाच दिशेने उघडतात. रक्त पुढे गेले की त्या मिटतात आणि त्याला मागे फिरू देत नाहीत. डॉक्टर छातीला नळी लावून 'लब-डब' असा जो आवाज ऐकतात, तो या झडपा मिटण्याचा आवाज असतो. अलिंद व निलय यांमधील झडपा मिटतात तेव्हा 'लब' आणि बाहेर पडण्याच्या वाटेवरील झडपा मिटतात तेव्हा 'डब'. या दोन आवाजांच्या मध्ये फूत्कारासारखा आणखी एखादा ध्वनी आला तर डॉक्टर सावध होतात.

चारही कप्प्यांच्या भिंती सारख्या जाडीच्या नसतात. अलिंदांना रक्त फक्त खाली ढकलायचे असते, म्हणून त्यांच्या भिंती पातळ असतात. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पोहोचवायचे असते. डाव्या निलयाला मात्र मस्तकापासून तळपायापर्यंत रक्त पाठवावे लागते. म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीपेक्षा सुमारे तिप्पट जाड असते. ज्याच्यावर कामाचा भार अधिक, त्याची भिंत बळकट.

रक्ताचा दुहेरी प्रवास

आता आपण रक्ताच्या एका थेंबाबरोबर प्रवास करू. हा थेंब पायाच्या बोटापासून निघाला आहे असे समजा. त्याने आपल्याजवळचा प्राणवायू तेथील पेशींना दिला आहे आणि त्यांच्याकडून कार्बन डायऑक्साइड घेतला आहे. वर चढत चढत तो महाशिरेतून उजव्या अलिंदात येतो. तेथून झडप ओलांडून उजव्या निलयात उतरतो. निलय आकुंचन पावताच तो फुप्फुस रोहिणीतून फुप्फुसांत जातो. तेथे कार्बन डायऑक्साइड सोडून तो नवा प्राणवायू घेतो. काळपट तांबडा थेंब आता लालभडक होतो. फुप्फुस शिरांतून तो डाव्या अलिंदात येतो, डाव्या निलयात उतरतो आणि तेथून महारोहिणीच्या रुंद मार्गाने पुन्हा शरीरभर जातो.

अशा रीतीने एका पूर्ण फेरीत रक्त दोनदा हृदयातून जाते : एकदा उजव्या बाजूने, एकदा डाव्या बाजूने. यालाच दुहेरी अभिसरण म्हणतात.

आज ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु माणसाला ती कळण्यास फार काळ लागला. रक्त यकृतात सतत नव्याने तयार होते आणि शरीरात जिरून जाते, अशी समजूत युरोपात कित्येक शतके रूढ होती. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला जेवढे रक्त बाहेर टाकते त्याला अर्ध्या तासातील ठोक्यांनी गुणले, तर येणारे उत्तर साऱ्या शरीरातील रक्तापेक्षा कितीतरी अधिक भरते. एवढे रक्त क्षणोक्षणी नवे तयार होणे शक्य नाही. तेव्हा तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे. १६२८ साली त्याने हा सिद्धान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रोहिणीतील रक्त शिरांत कोणत्या वाटेने जाते हे मात्र त्याला पाहता आले नाही. पुढे १६६१ साली इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या आणि साखळीतील तुटलेली कडी जोडली गेली.

पाठगत प्रश्न १
१. डाव्या निलयाची भिंत सर्वांत जाड का असते?
२. 'लब-डब' हा आवाज कशामुळे होतो?
३. हार्वेने मांडलेला हिशेब तुमच्या शब्दांत सांगा.

रक्तवाहिन्यांचे जाळे

हृदयापासून दूर रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी किंवा धमन्या म्हणतात. हृदयाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्यांना शिरा किंवा नीला म्हणतात. रोहिणींमध्ये रक्त जोराने येते, म्हणून त्यांच्या भिंती जाड व लवचीक असतात. मनगटावर बोट ठेवल्यावर जी नाडी लागते, ती रोहिणीच्या भिंतीची उसळी असते. सर्वांत मोठी रोहिणी म्हणजे महारोहिणी. तिचा व्यास सुमारे अडीच सेंटिमीटर असतो. तिला फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या फुटतात आणि अखेरीस केसाहूनही कितीतरी बारीक अशा केशवाहिन्या बनतात.

केशवाहिनी इतकी अरुंद असते की, तांबड्या पेशींना एकामागोमाग एक अशी रांग लावूनच तिच्यातून जावे लागते. तिची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते. या पातळ भिंतीतूनच प्राणवायू व पोषक द्रव्ये शरीरातील पेशींना मिळतात आणि टाकाऊ पदार्थ रक्तात येतात. हृदयाचे सारे परिश्रम या एका देवघेवीसाठी असतात.

केशवाहिन्या एकत्र येऊन शिरा बनतात. शिरांत दाब कमी असतो, त्यामुळे त्यांच्या भिंती पातळ असतात. पायातील रक्त वर चढावे आणि मागे घसरू नये यासाठी शिरांमध्ये जागोजागी लहान झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू आवळले जातात आणि शिरांतील रक्त वर ढकलले जाते. तासन्‌तास एका जागी उभे राहणाऱ्यांचे पाय जड होतात, त्याचे एक कारण हे आहे.

साधारणपणे रोहिणीत शुद्ध आणि शिरेत अशुद्ध रक्त असते असे सांगतात. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. फुप्फुस रोहिणीत प्राणवायू कमी असलेले रक्त असते आणि फुप्फुस शिरांत प्राणवायूने भरलेले रक्त असते. म्हणून रक्त कोणत्या दिशेने जाते, यावरून वाहिनीचे नाव ठरवावे. रंगावरून ठरवू नये.

आणखी एक प्रश्न मनात येईल. हृदयात सदैव रक्त असते, मग हृदयाच्या स्नायूला स्वतःसाठी वेगळ्या रक्ताची गरज काय? कप्प्यांतून वाहणारे रक्त त्या जाड स्नायूच्या आतवर पोहोचत नाही. म्हणून महारोहिणीच्या उगमापाशीच तिला दोन शाखा फुटतात आणि त्या हृदयावर पसरतात. त्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. त्यांच्यापैकी एखादी वाहिनी अडली की त्या भागातील स्नायूला रक्त मिळेनासे होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

जन्मापूर्वीचे हृदय

बाळाचे हृदय गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यातच स्पंदू लागते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्याचे चार कप्पे तयार झालेले असतात. आपण गर्भवती आहोत हे पुष्कळ स्त्रियांना ज्या सुमारास समजते, तोपर्यंत हृदयाची बांधणी बरीचशी होऊन गेलेली असते.

गर्भातील बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू वारेतून, म्हणजे आईच्या रक्ताकडून मिळतो. तेव्हा त्याचे सगळे रक्त फुप्फुसांकडे पाठवण्याचे प्रयोजन नसते. यासाठी निसर्गाने दोन आडवाटा ठेवलेल्या असतात. दोन अलिंदांच्या मधल्या पडद्यात एक झरोका असतो, आणि फुप्फुस रोहिणी व महारोहिणी यांना जोडणारी एक आखूड नळी असते. बाळ जन्मते, पहिले रडते, फुप्फुसे हवेने भरतात आणि या आडवाटांची गरज संपते. बहुतेक बाळांत ती नळी दोन-तीन दिवसांत मिटते. झरोक्यावरील पडदाही झाकला जातो. बाळाच्या पहिल्या रडण्याबरोबर त्याच्या रक्ताच्या वाटाही बदलतात.

परंतु काही बाळांत ही बांधणी पूर्ण होत नाही. कोठे पडद्याला छिद्र राहते, कोठे नळी उघडीच राहते, कोठे झडप अरुंद बनते. या दोषांना जन्मजात हृदयदोष म्हणतात. हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बाळांत असा दोष आढळतो. आपल्या देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळे असा दोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे.

अशा वेळी घरात पहिला बोट रोखला जातो तो आईकडे. 'ग्रहणात तिने भाजी चिरली', 'तिने अमुक खाल्ले', 'तिचा पायगुण' असे बोल तिला ऐकावे लागतात. यांतील एकाही गोष्टीचा बाळाच्या हृदयाशी संबंध नाही. बहुतेक बाळांच्या बाबतीत दोषाचे एकच निश्चित कारण सापडत नाही. गर्भारपणाच्या आरंभी झालेला रुबेला हा आजार, आटोक्यात नसलेला मधुमेह, मद्यपान, काही औषधे आणि जवळच्या नात्यातील विवाह यांमुळे धोका वाढतो एवढे मात्र ठाऊक आहे. म्हणून मुलींना रुबेलाची लस मिळणे आणि गर्भवतीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध न घेणे महत्त्वाचे आहे.

पडद्याला छिद्र पडले तर

दोन निलयांच्या मधल्या पडद्याला छिद्र असणे हा एक नेहमी आढळणारा दोष आहे. डाव्या निलयातील दाब उजव्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. त्यामुळे छिद्रातून रक्त डावीकडून उजवीकडे घुसते आणि पुन्हा फुप्फुसांत जाते. जे रक्त शरीराला मिळायला हवे, ते फुप्फुसांतच फेऱ्या मारत राहते. फुप्फुसांत रक्ताची गर्दी होते; बाळाला धाप लागते. दूध पिणे हे तान्ह्या बाळाचे सर्वांत मोठे श्रमाचे काम. असे बाळ दोन घोट पिऊन थांबते, दम खाते, कपाळावर घाम येतो आणि पोट भरण्याआधीच थकून झोपते. त्याचे वजन वाढत नाही. त्याला वारंवार न्यूमोनिया होतो.

लहान छिद्रे पुष्कळदा वाढत्या वयाबरोबर आपोआप बुजतात; डॉक्टर त्यांवर केवळ लक्ष ठेवतात. मोठ्या छिद्राच्या बाबतीत मात्र वेळ दवडणे धोक्याचे असते. फुप्फुसांतील नाजूक वाहिन्यांवर सतत जादा दाब पडला की त्यांच्या भिंती जाड व कठीण होत जातात. काही वर्षांनी तेथील दाब इतका वाढतो की रक्त उलट दिशेने, उजवीकडून डावीकडे वाहू लागते. मूल निळे पडते. या अवस्थेत छिद्र बंद करणेच जिवावर बेतू शकते, म्हणून शस्त्रक्रियेचा मार्ग बंद होतो. जे छिद्र पहिल्या वर्षात बुजवले असते तर मूल सर्वसामान्य आयुष्य जगले असते, तेच छिद्र पुढे असाध्य होते. 'मोठा झाला की करू' हे वाक्य अशा मुलाला फार महागात पडते.

काही मुले आरंभापासूनच निळसर दिसतात. फ्रान्समधील डॉक्टर फालो यांनी १८८८ साली ज्या चार दोषांच्या समूहाचे सविस्तर वर्णन केले, तो यांपैकी प्रमुख आहे. यात पडद्याला छिद्र असते आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. त्यामुळे पुरेसे रक्त फुप्फुसांत पोहोचतच नाही. असे मूल खेळता खेळता एकाएकी उकिडवे बसते. ते आळशी नसते. तसे बसल्याने त्याला थोडे बरे वाटते. सावळ्या वर्णाच्या मुलांत त्वचेवरील निळी छटा सहज कळत नाही. म्हणून ओठ, जीभ, हिरड्या व नखे पाहावीत.

पाठगत प्रश्न २
१. गर्भातील बाळाच्या हृदयात आडवाटा का असतात?
२. मोठ्या छिद्रावर वेळीच उपचार न केल्यास काय होते?
३. हृदयदोष असलेल्या तान्ह्या बाळाचा घाम कोणत्या वेळी विशेष दिसतो?

नवा रायपूरचे बालहृदय रुग्णालय

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले. पुढे रायपूर शहराच्या आग्नेयेला नवा रायपूर हे नियोजित राजधानीचे नगर वसवण्यात आले. रुंद रस्ते आणि शासकीय इमारती असलेल्या या नगरात २०१२ साली श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय सुरू झाले. येथे जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर उपचार केले जातात. तपासणी, शस्त्रक्रिया, औषधे यांपैकी कशासाठीही पैसे घेतले जात नाहीत. बहुतेक रुग्णालयांत आत शिरताच दिसते ती पैसे भरण्याची खिडकी येथे नाही. याच संस्थेची अशी केंद्रे पुढे हरयाणातील पलवल येथे आणि महाराष्ट्रात नवी मुंबईतील खारघर येथेही सुरू झाली.

या गोष्टीचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात शेतमजुरी करणारे जोडपे आहे असे समजा. त्यांच्या आठ महिन्यांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे असे तालुक्याचे डॉक्टर सांगतात. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून बाप गप्प होतो. विकायला शेत नाही, गहाण टाकायला दागिना नाही. अशा घरात मुलीचा प्रश्न नशिबावर सोडला जातो. त्यातही ती 'मुलगी' असली तर जरा लवकरच सोडला जातो. गोंदियाहून रायपूर हावडा–मुंबई लोहमार्गावर काही तासांच्या अंतरावर आहे. तेथे उपचार विनामूल्य होतात, ही एवढी माहिती वेळेवर कोणी दिली तर त्या मुलीचे भविष्य बदलू शकते. येथे औषधाइतकेच मोल माहितीला आहे.

उपचार कसे होतात?

प्रथम ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाचे चित्र घेतले जाते. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही आणि वेदना होत नाहीत. छिद्र कोठे आहे, केवढे आहे, रक्त कोणत्या दिशेने वाहते, हे सारे पडद्यावर दिसते.

काही छिद्रे छाती न उघडताही बंद करता येतात. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्या टोकाशी मिटलेल्या छत्रीसारखे एक साधन असते. ते छिद्राच्या जागी उघडून बसवले जाते. इतर मुलांची छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. हृदयाच्या आत शिवणकाम करायचे तर हृदय थांबवावे लागते. तेवढ्या वेळेपुरते हृदय व फुप्फुसे यांचे काम एक यंत्र करते. अमेरिकेतील जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी या यंत्राच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र यशस्वीपणे बंद केले आणि या शस्त्रक्रियांचे दार उघडले. त्याआधी २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोर येथे एका निळ्या पडलेल्या बालिकेवर रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉ. हेलन टॉसिग यांची कल्पना, डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे हात आणि व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने प्रयोगशाळेत केलेले कष्ट यांतून ती साकारली.

आपल्याकडेही ही वाट साहसाने चोखाळली गेली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पुढे ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्ली येथे डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयारोपण यशस्वी झाले.

तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या शरीरात सारे मिळून पाव लिटर रक्त असते आणि त्याचे हृदय अक्रोडाएवढे असते. त्या हृदयात टाके घालणे हे किती कौशल्याचे काम आहे, याची यावरून कल्पना यावी. अशा कामात शल्यविशारदाबरोबर भूलतज्ज्ञ, यंत्र चालवणारे तंत्रज्ञ आणि रात्रभर जागणाऱ्या परिचारिका यांचाही तितकाच वाटा असतो.

आपण काय करावे?

हृदयदोष ओळखण्याची पहिली संधी डॉक्टरांना मिळत नाही. ती आई, आजी, दाई, अंगणवाडी सेविका यांना मिळते. दूध पिताना बाळ थांबते का, घामाघूम होते का, श्वास भरभर चालतो का, वजन अडले आहे का, ओठ निळे पडतात का, हे त्यांनाच दिसते. यांपैकी काही आढळले तर डाग देणे, ताईत बांधणे यांत दिवस न घालवता बाळाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. या कार्यक्रमानुसार जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी केली जाते. आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत वर्षातून एकदा येणे अपेक्षित असते. जन्मजात हृदयदोष हा या तपासणीचा एक महत्त्वाचा भाग आहे. पथक येईल त्या दिवशी आपले मूल घरी ठेवू नका. आणि जे मूल शाळेतच जात नाही, त्यालाही तेथे न्या.

हृदयाची रचना समजून घेण्याचा खरा उपयोग हाच आहे. जी आई पडद्याचे आणि झडपेचे काम जाणते, ती डॉक्टरांना प्रश्न विचारू शकते. 'छिद्र केवढे आहे? ते आपोआप बुजेल का? किती दिवस थांबता येईल?' हे तीन प्रश्न योग्य वेळी विचारले गेले, तर एखाद्या चिमुकल्या हृदयाचा ताल कायमचा सावरू शकतो.

आपण काय शिकलो?

• हृदयात दोन अलिंदे व दोन निलये असे चार कप्पे असतात. पडदा उजवे व डावे रक्त वेगळे ठेवतो आणि झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात.
• रोहिणी हृदयापासून रक्त नेतात, शिरा हृदयाकडे रक्त आणतात आणि केशवाहिन्यांत प्रत्यक्ष देवघेव होते.
• जन्मजात हृदयदोष हा आईचा अपराध नाही. त्याची लक्षणे घरीच ओळखता येतात.
• मोठ्या छिद्रावर वेळेत उपचार झाले तर मूल सर्वसामान्य आयुष्य जगू शकते.

शब्दार्थ

अभिसरण – चक्राकार फिरणे. अलिंद – हृदयाचा वरचा कप्पा. निलय – हृदयाचा खालचा कप्पा. स्पंद – ठोका, कंप. वार – गर्भाला आईशी जोडणारा अवयव. असाध्य – बरा न होणारा. चोखाळणे – (वाट) अनुसरणे.

भाषाभ्यास

पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : काळजाचा ठोका चुकणे; काळीज तीळ तीळ तुटणे; छातीचा कोट करणे; हृदयाला पाझर फुटणे.

स्वाध्याय

१. रक्ताच्या एका थेंबाचे आत्मवृत्त दहा ओळींत लिहा.
२. 'रोहिणीत नेहमी शुद्ध रक्त असते.' हे विधान बरोबर की चूक, ते सकारण सांगा.
३. तुमच्या शेजारच्या घरी बाळाच्या आजारासाठी आईला दोष दिला जात आहे. तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांना काय सांगाल? संवाद लिहा.
४. आपल्या गावच्या अंगणवाडीत आरोग्य पथक केव्हा येते, याची चौकशी करून ती माहिती पाच कुटुंबांना सांगा.